आडवा अक्ष

बुधवारी दुपारी मेरिन टलॉक आपल्या टेबलाशीच अंड्याचं सँडविच खात बसली होती, तेव्हा ते तीन ओळींचं पत्र तिच्यापुढे आलं. पत्र तरी कसलं. नद्यांच्या पाण्याची पातळी दाखवणारी जी वेबसाइट त्यांची कंपनी गावोगावच्या पालिकांसाठी चालवायची, तिच्या तळाशी ‘काही अडचण?’ असा एक चौकोन होता आणि त्यात लोक मनाला येईल ते लिहीत. पान उघडत नाही. अक्षरं मुंगीएवढी दिसतात. आमच्या ओढ्याचं नाव चुकलंय, लाज वाटू द्या. हे सगळं गाळून गाळून जे कुणालाच सुटत नसे ते मेरिनकडे येई, कारण पानावरची निळी रेघ तिने काढलेली होती. आजच्या मजकुरात लिहिलं होतं, ‘तुमचा आलेख कसा वाचायचा ते कुणी शिकवेल का? मी एकदा चुकीचा वाचला. पुन्हा तसं व्हायला नको.’ खाली नाव, क्लेम ओडगर्स, गाव कुरांबा, आणि फोन नंबर. मेरिनच्या तोंडात घास होता. तो तिने पाण्याबरोबर खाली ढकलला, उरलेलं सँडविच कागदात नीट गुंडाळलं, कागदाच्या कडा दुमडल्या, पुन्हा दुमडल्या, आणि ती पुडी हातात धरून तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत लोकांनी तिला तुमचं चुकलं असं शेकडो वेळा कळवलं होतं. माझं चुकलं असं कळवणारा हा पहिलाच, आणि नेमकं त्याचं चुकलं नव्हतं.

सव्वीस वर्षं ती रेघा काढत आली होती. आकडे येतात ते जगाच्या मापात, मीटरमध्ये आणि तासांत. पडद्याला मीटर कळत नाही. त्याला ठिपके कळतात, इतके आडवे, इतके उभे. या दोहोंमधली दुभाष्याची कामगिरी तिची. सगळ्यांत कमी पाणी कुठे टेकवायचं, सगळ्यांत जास्त कुठे, ते ठरवायचं आणि मधलं सगळं त्या प्रमाणात वाटून द्यायचं. पडद्याची एक खोड अशी की त्याचं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि मोजणी खाली खाली जाते. म्हणजे नदी चढली की ठिपक्याचा आकडा उतरला पाहिजे. एवढी एक वजाबाकी विसरलात तर महापूर पालथा पडतो आणि कोरडी नदी आभाळाला टेकते. नवशिके हमखास तिथे आपटतात, मेरिनही आपटली होती, त्या दिवशी सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती जमून पोट धरधरून हसलं होतं. ती चूक चांगली. ती दिसते. आडव्या दिशेची चूक दिसत नाही, कारण तिथे काळ असतो, आणि काळ कसाही पसरून दाखवला तरी माणूस मान डोलावतो. हल्ली तिला या सगळ्याचा शीण येत होता. संध्याकाळी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत बारीक रेघा चालत राहत, कुठल्याच नदीच्या नसलेल्या. मान वळवली की मानेत वाळू करकरल्यासारखं होई. डॉक्टर म्हणाली होती, वय झालं, खुर्ची बदला. खुर्ची बदलून झाली होती.

मिलाबी नदीचा आलेख तिने लिहिला त्याला आता दहा वर्षं झाली होती. तेव्हा कुरांब्याच्या पुलाखालचं यंत्र दर तासाला एक नोंद पाठवायचं, काटेकोर, भिंतीवरच्या घड्याळासारखं. आलेखात शेवटचे चोवीस तास दाखवायचे होते. मेरिनने पडद्याची रुंदी घेतली, तिला नोंदींच्या संख्येने भागलं आणि प्रत्येक नोंदीला तिच्या क्रमांकाप्रमाणे जागा देऊन टाकली, पहिली इथे, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी तिच्या शेजारी. नोंदी समान अंतराने येतात तोवर याच्यात काहीच वावगं नाही. प्रत्येक नोंदीची वेळ वाचून त्या वेळेप्रमाणे जागा काढायची तर चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या असत्या. शुक्रवार होता, तिला मुलाला पोहण्याच्या शिकवणीहून आणायचं होतं. पुढे कधीतरी पुलाखालची यंत्रं बदलली. नवी यंत्रं हुशार होती. नदी शांत असली की तासाला एकदा बोलायची आणि पाणी झपाट्याने चढू लागलं की दर पाच मिनिटांनी. तसं पत्रक सगळ्यांना आलं होतं, मेरिनलाही आलं असणार. आपण ते उघडलं होतं का, हे तिला कितीही आठवलं तरी आठवत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि खाली कुरांब्यात स्वच्छ ऊन असताना मिलाबी चढली. शहरातल्या बातम्यांत त्याला अर्धं मिनिट मिळालं. त्यानंतर अकरा दिवसांनी मेरिन एका अहवालासाठी जुन्या नोंदी चाळत होती. जलतज्ज्ञांनी काढलेली रेघ आणि आपल्या पानावरची रेघ तिने शेजारी शेजारी ठेवली, आणि पहिल्यांदा तिला वाटलं की या दोन वेगळ्या नद्या आहेत. त्यांची रेघ भिंतीसारखी उभी होती. आपली रेघ एखाद्या म्हाताऱ्याने टेकडी चढावी तशी दमादमाने वर जात होती. कारण कळायला तिला मिनिटही लागलं नाही. आदल्या दिवशी अकरापासून त्या सकाळी नऊपर्यंत बावीस तासांच्या बावीस नोंदी. नऊ ते अकरा, दोन तासांच्या चोवीस नोंदी. तिच्या हिशेबात सगळ्या सारख्या रुंदीच्या. म्हणजे त्या दोन तासांनी अर्ध्याहून जास्त चित्र व्यापलं होतं. नदी जितकी धावत सुटली तितकी तिची रेघ सावकाश दिसली. संगणकावर खाली वेळा लिहिलेल्या असत, पण फोनच्या अरुंद पडद्यावर मावेनात म्हणून तिनेच त्या काढून टाकल्या होत्या. फक्त दोन टोकांना दोन शब्द ठेवले होते, ‘काल’ आणि ‘आत्ता’.

ती तेव्हा ड्यूगलकडे गेली होती. ड्यूगल तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, तिचा साहेब, वाईट माणूस नव्हे. त्याने दोन्ही रेघा पाहिल्या, गाल फुगवून हवा सोडली आणि म्हणाला, ‘दुरुस्त कर. आज. आणि बोभाटा नको. कुणाची तक्रार आलेली नाही, आणि पानाखाली लिहिलंय आपण, केवळ माहितीसाठी म्हणून.’ तिने चार ओळी लिहिल्या, दहा मिनिटांत नदी उभी राहिली. बदलांच्या नोंदवहीत काय बदललं ते लिहावं लागतं. तिने लिहिलं, ‘आडव्या अक्षात किरकोळ सुधारणा.’ घरी जाताना फेरीबोटीत तिने फोनवर त्या पुराची जुनी बातमी शोधून वाचली. एक बळी. लोर्ना ओडगर्स, वय सहासष्ट, नदीवरच्या ठेंगण्या फरशीपुलावरून गाडीसकट वाहून गेल्या. पाण्याचा अंदाज चुकला असं चौकशीत निघालं होतं. अंदाज कशावरून केला होता ते बातमीत नव्हतं. मेरिनने ते वाचलं, फोन पिशवीत टाकला, आणि त्या दिवसापासून त्या दोन गोष्टी तिने मनात दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या. एका खोलीत चार ओळी, दुसऱ्या खोलीत लोर्ना ओडगर्स. मधलं दार आहे हे तिला माहीत होतं. दोन वर्षं ती त्या दाराला पाठ लावून उभी होती, आणि म्हणूनच कदाचित पाठ दुखत होती. खुर्चीचा काही दोष नव्हता.

बुधवारी तिने पत्राला उत्तर दिलं नाही. गुरुवारीही नाही. गुरुवारी संध्याकाळी फेरीबोटीत ती बाहेरच्या बाकावर बसली. ब्रिस्बेनची नदी नेहमीसारखी गढूळ, चहात दूध जास्त झाल्यासारखी. खारट वाऱ्याने ओठ चिकट झाले. तिला आपला बाप आठवला. तो सरकारी खात्यासाठी पुलाच्या खांबावरची रंगवलेली पट्टी वाचायला जायचा, सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, पूर आला की तासातासाला, डोक्यावर पोतं घेऊन. वहीत दोन रकाने, वेळ आणि पाणी. ती आठ-नऊ वर्षांची असताना एकदा धावत घरी आली होती, ‘बाबा, चार मीटर वीस!’ बाप बूट काढत होता. त्याने वर न बघता विचारलं, ‘किती वाजता?’ तिने वेळ बघितलीच नव्हती. ‘वेळ नसेल तर ते पाणी नव्हे पोरी, त्या गप्पा.’ ती परत पुलाकडे गेली होती, पावसात, रडत, घड्याळ घेऊन. बाप जाऊन सोळा वर्षं झाली. तो असता तर त्याला हे सांगता आलं असतं का, याचा ती विचार करू लागली आणि तिचा थांबा आला, गेला, बोट पुढच्या धक्क्याला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती चालत मागे आली. उकाड्याने रस्ते मऊ झाले होते. आंब्याच्या झाडाखाली गळून सडलेल्या फळांचा आंबूस वास, त्यावर वटवाघळांची कचाकच. घरी येऊन ती दिवा न लावता ओट्याशी उभी राहिली. नंबर पाठ झाला होता.

शुक्रवारी सकाळी ती ड्यूगलच्या खोलीत गेली आणि तिने पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

‘मदत पानाचा दुवा पाठवून दे,’ ड्यूगल वाचून म्हणाला.

‘नाव वाच.’

त्याने नाव वाचलं. त्याला ते आठवलं नाही. मग तिने सांगितलं, आणि त्याने खुर्ची मागे घेतली.

‘मेरिन, ऐक माझं. तो माणूस शांत झालाय. दोन वर्षांनी तू जाऊन त्याची खपली काढणार. कुणाच्या भल्यासाठी? त्याच्या की तुझ्या?’

हा प्रश्न तिने स्वतःला बुधवारपासून विचारला होता, आणि त्याने तो इतका चटकन विचारला याचा तिला रागही आला नाही. ‘ते मला नाही सांगता येत,’ ती म्हणाली.

‘वकील काय म्हणतील ते मी तुला आत्ताच सांगतो. तू तिथे गेलीस तर तू गेलीस. कंपनी नाही गेली. आणि परत आलीस की तुझी खुर्ची जागेवर असेलच असं मी म्हणू शकत नाही.’

‘त्या खुर्चीत बसून पाठीचं वाटोळं झालंय, ड्यूगल.’

तो हसला, मग हसू नये होतं असं वाटून थांबला. ‘अठरा वर्षं काढलीस तू इथे,’ तो खालच्या आवाजात म्हणाला. ‘आणखी सहा काढ आणि सुखाने जा की.’

तिने जिन्यात उभं राहून फोन लावला. पलीकडचा आवाज म्हातारा पण खणखणीत होता. ती कोण ते सांगितल्यावर तो इतका खूश झाला की तिला भिंतीला टेकावं लागलं. ‘अगदी स्वतः? वा. मला वाटलं कुणी यंत्रच उत्तर देईल. मी आता बहिणीकडे असतो, इप्सविचला, तिकडे कुरांब्याला कुणी उरलं नाही. उद्या या की. वही दाखवतो तुम्हाला.’ कसली वही ते तिने विचारलं नाही.

इप्सविचचं ते घर लाकडी खांबांवर उभं होतं, खाली गाडी आणि धुण्याच्या दोऱ्या, वर जायला तेरा पायऱ्या. क्लेम ओडगर्स वरच दारात उभा होता, सत्तरीचा, हाडापेराने मोठा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. शर्टाच्या बाहीला इस्त्रीची दुहेरी घडी पडली होती. माणसाने स्वतः केली की पडते तशी. बहीण मैदानावर बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, खेळायला गेली होती. ‘मिस्टर ओडगर्स,’ मेरिनने सुरुवात केली तसा तो म्हणाला, ‘क्लेम म्हणा. मिस्टर ओडगर्स म्हटलं की मला वाटतं शाळेतून तक्रार आलीय.’ त्याने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, चष्मा चढवला आणि चौकटीच्या कागदाच्या तीन वह्या पुढे सरकवल्या. वर पंखा फिरत होता, वह्यांचे कोपरे उडत होते, त्यांवर त्याने मिठाची बाटली ठेवली.

‘मी चाळीस वर्षं गिरणीत लाकूड कापलं,’ तो म्हणाला. ‘नजरेनं माप घेण्यात आख्ख्या खोऱ्यात माझा हात धरणारा नव्हता, हे बढाई म्हणून नाही सांगत. तर असं बघा. हे मी रोज करतो. सकाळी तुमचा आलेख उघडायचा, मिलाबीचा, रेघ बघायची, आणि लिहायचं, आणखी सहा तासांनी पाणी किती असेल. मग सहा तासांनी पुन्हा उघडायचा. हा माझा अंदाज, हे खरं पाणी.’ त्याचं जाडजूड बोट रकान्यांवरून उतरत गेलं. दोन्ही रकान्यांत जवळजवळ तेच आकडे. पानामागून पान. सुट्टीचे वार नाहीत, नाताळ नाही. ‘गेल्या वर्षी दोनदा पाणी चढलं, बऱ्यापैकी जोरात. तेव्हाही बरोबर. सातशे दिवस होत आले, बाई, एकदाही विताहून जास्त चुकलो नाही. मग त्याच दिवशी कसा चुकलो? ते मला कळत नाही. काहीतरी असणार जे मला दिसलं नाही. तेवढं दाखवा म्हणजे झालं.’

मेरिनला वाटलं आता बोललं पाहिजे, याच वाक्यानंतर. पण तो पुढे सांगू लागला आणि तिने त्याला सांगू दिलं, भ्यायली होती म्हणून. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन पडलं होतं. नदीपलीकडे एनिड राहायची, एकोणनव्वद वर्षांची, हट्टी, मांजरांसकट. लोर्ना म्हणाली, एनिडला घेऊन येते. त्याने खिशातून फोन काढला, आलेख पाहिला. ‘अर्ध्या चित्रात दोन मीटर चढलं होतं. अर्धं चित्र म्हणजे बारा तास. फरशीवर पाणी यायला आणखी मीटरभर. म्हणजे सहा तास. सोपं गणित. मी म्हटलं, जा, सावकाश ये, पाच वाजेपर्यंत काही होत नाही. गाडी तीच चालवायची, माझा गुडघा तेव्हा धड नव्हता.’ एनिड यायला तयार झाली नाही. समजूत घालण्यात तासभर गेला. सव्वाबाराला लोर्ना एकटी परत निघाली तेव्हा फरशीवर घोट्याएवढं पाणी होतं. तिला क्लेमने पाच सांगितलं होतं. घोट्याएवढ्या पाण्याची तिने पर्वा केली नाही. एनिडला संध्याकाळी होडीने काढलं, ती अजून आहे, मांजरंही आहेत.

‘आमची एकच मुलगी, टेगन,’ क्लेम म्हणाला. ‘टाउन्सव्हिलला असते, नर्स आहे. दफनाच्या दिवशी तिने विचारलं, बाबा, तुम्ही बघितलं नव्हतं का? मी म्हटलं, बघितलं होतं. बघून पाठवलंत? हो म्हटलं. तेव्हापासून माझा फोन ती उचलत नाही. बरोबरच आहे. बघितलं नव्हतं म्हणालो असतो तर गाढवपणा म्हणून सोडून दिलं असतं तिने.’

‘तुम्ही बरोबर वाचलं होतंत,’ मेरिन म्हणाली.

तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला, थकलेला, रुक्ष, पगारी. क्लेम चष्म्याच्या वरून बघत राहिला. तिने त्याच्याकडे कोरं पान मागितलं आणि पेन्सिल. पानावर तिने आडवी रेघ मारली, उभी रेघ मारली. त्या दिवसाच्या नोंदी तिने आणल्या होत्या, पण कागद पिशवीतून काढायची गरज पडली नाही. आधी तिने जुन्या पद्धतीने ठिपके दिले, प्रत्येक नोंदीला एक चौकट, सावकाश, सेहेचाळीस ठिपके, आणि ते जोडले. क्लेम वाकून बघत होता. त्याने मान हलवली, हीच, हीच ती. मग तिने त्याखाली दुसरा आडवा अक्ष आखला आणि त्यावर तास लिहिले, अकरा, बारा, एक, पुढचे सगळे, दुसऱ्या दिवशीचे अकरा. आता प्रत्येक ठिपका त्याच्या वेळेवर. बावीस चौकटी सपाट गेल्या. मग उरलेल्या दोन चौकटींत चोवीस ठिपके बसेनात, पेन्सिलचं टोक जाड पडू लागलं, ठिपक्यावर ठिपका चढला आणि रेघ सरळ वर गेली. त्याच उंचीला पोचली, पण भिंतीसारखी. ‘पाणी तेवढंच आहे,’ ती म्हणाली. ‘वेळ मी चुकीची मांडली होती. यंत्र पाच पाच मिनिटांनी सांगत होतं आणि मी प्रत्येक पाच मिनिटांना तासाएवढी जागा दिली. तुम्ही जे बघितलं त्यावरून सहा तासच निघतात. कुणीही सहाच काढले असते. खरा होता एक. पुरानंतर अकरा दिवसांनी मला कळलं आणि मी ते बदललं. म्हणून तुमच्या वहीत एकही चूक नाही. तुम्ही दोन वर्षं दुरुस्त केलेला आलेख वाचताय.’

क्लेमने बोट दुसऱ्या रेघेवर ठेवलं, ती जिथे वर वळते तिथे, आणि खालून वर नेलं, मग पुन्हा खाली आणून पुन्हा वर. बाहेर काकाकुव्यांचा थवा कर्कश ओरडत गेला. मेरिनला घाम आला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने तो मानेवर गार होत होता. तिला वाटलं, हा आता रडेल. तो रडला नाही.

‘हे मला दिसलं असतं,’ तो म्हणाला, ‘तर मी गाडीची किल्ली दिली नसती.’

‘नाही.’

‘दोन वर्षं ठाऊक होतं तुम्हाला.’

‘हो.’

‘नाव ठाऊक होतं? लोर्नाचं?’

‘हो. बातमीत वाचलं होतं.’

तो उठला. त्याच्या उठण्याने खुर्ची मागे पडली आणि ती त्याने उचलली नाही. तो बेसिनपाशी पाठ करून उभा राहिला, दोन्ही हात ओट्यावर. ‘मी रोज सकाळी उठून,’ तो म्हणाला आणि थांबला. ‘रोज सकाळी, बाई. कुत्रं उकिरडा उकरतं तसा मी स्वतःला उकरत होतो. आणि तुम्ही काय केलंत? काय लिहिलंत तुमच्या दप्तरात?’

‘किरकोळ सुधारणा असं लिहिलं.’

‘किरकोळ.’ त्याने तो शब्द नुसता उच्चारला, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मेरिन बसून राहिली. माफी मागायचे शब्द तिने बसमध्ये जुळवले होते, ते तिने आता उच्चारले, आणि ते टेबलावर सांडलेल्या मिठासारखे तिथेच पडून राहिले. ते झटकायलाही कुणी हात लावला नाही. आपण इथे आलो तेव्हा मनात कुठेतरी वाटलं होतं की सांगितलं की उतरेल, मान, खांदे, पाठ, सगळं. काहीच उतरलं नव्हतं. फक्त आता ते ओझं नेमकं किती आहे ते कळत होतं.

‘लेखी द्याल?’ त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

‘देते.’

‘तुमच्या नावासकट?’

‘नावासकट. पालिकेलाही पाठवते, चौकशी केली त्यांनाही.’

तिने त्याच पानामागे लिहिलं, बारीक अक्षरांत, काय चुकलं, केव्हापासून, केव्हा कळलं, कुणाला सांगितलं, काय केलं नाही. तारीख घातली, सही केली, खाली नाव सुटं करून लिहिलं. लिहिताना तिला सोमवार दिसत होता, ड्यूगलचा चेहरा, ऑफिसच्या दाराचा बंद होणारा पास, पुठ्ठ्याच्या खोक्यात कपबशी. ते दिसत होतं पण दुरून, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात चालू असलेल्या टीव्हीसारखं. क्लेमने कागद घेतला, चष्मा पुसला, दोनदा वाचला. मग खुर्ची उचलून सरळ केली आणि बसला. खिशातून त्याने आपला फोन काढून टेबलावर ठेवला, नंबर दाखवला.

‘माझ्यावरून केला तर उचलणार नाही ती,’ तो म्हणाला. ‘तुमचा नंबर तिला ठाऊक नाही.’

मेरिनने आपल्या फोनवर एकेक आकडा दाबला. घंटा वाजू लागली. क्लेम टेबलाच्या कडेला धरून बसला होता, गिरणीत करवतीपुढे हात धरावेत तसे, बोटं आत घेऊन. सातव्या घंटेला पलीकडे बाईचा घाईचा आवाज आला, मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं. ‘हॅलो? कोण बोलतंय?’

‘माझं नाव मेरिन टलॉक. आपली ओळख नाही. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी फोनवर जो आलेख बघितला, तो मी काढला होता. तो चुकीचा होता. त्यांनी बरोबर वाचला.’

चाकांचा आवाज थांबला. ‘पुन्हा सांगा,’ टेगन म्हणाली. मेरिनने पुन्हा सांगितलं, हळू, सहा तास आणि एक तास, अकरा दिवस, दोन वर्षं. टेगनने मध्ये दोन प्रश्न विचारले, नर्सा विचारतात तसे, नेमके, कोरडे. मग म्हणाली, ‘ते आहेत का तिथे?’

मेरिनने फोन पुढे केला. क्लेमने तो दोन्ही हातांत घेतला आणि कानाला लावला. ती उठून बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. लगेच निघून जावं असं तिला वाटत होतं, पण तिचा फोन आत होता आणि बसचं तिकीट फोनमध्ये. ऊन उतरायला लागलं होतं. शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापत होतं, कापलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास येत होता. ती पायरीच्या कडेला डोकं टेकून बसली. आतून अधूनमधून क्लेमचा एखादा शब्द येई, हो, नाही, हो पोरी. किती वेळ गेला ते तिने मोजलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा ती पायरीवरच त्याच्याकडे वळली. त्याने फोन तिच्या हातात दिला. फोन गरम झाला होता. त्याचे डोळे लाल होते आणि शर्टाचा पुढचा भाग ओला.

‘तुम्हाला माफ केलं म्हणाली नाही ती,’ तो म्हणाला. ‘मीही म्हणणार नाही. तुम्ही आलात, ते मी लक्षात ठेवीन. पण बाकीचं नाही.’

‘बरोबर आहे.’

तो कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत राहिला. ‘तिने एकच विचारलं. निघताना आई काय म्हणाली होती. दोन वर्षांत हे कुणी मला विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी मी काय म्हणालो तेच विचारलं.’ त्याने नाक पुसलं. ‘म्हणाली होती, किटली ठेव, आलेच. एवढंच. मोठं काही नाही.’

मेरिन कठड्याला धरून उभी राहिली, पिशवी खांद्याला लावली.

‘चहा मी तुम्हाला विचारणार नाही,’ क्लेम म्हणाला.

‘नको,’ ती म्हणाली, आणि एकेक पायरी धरून खाली उतरली.